लाल शिडाची होडी

१९६३ सालचा जानेवारी इंग्लंडला फार जड गेला. नाताळच्या सुमारास पडू लागलेले बर्फ मार्च उजाडेपर्यंत हटले नाही. तळी गोठली, नद्यांवर दुधावर साय धरावी तसे बर्फ धरले, घरोघरचे नळ बंद पडले. अशा हाडे गोठवणाऱ्या दिवसांत लंडनच्या अर्ल्स कोर्ट येथे वार्षिक नौकाप्रदर्शन भरले होते. तेथे मांडलेल्या दिमाखदार नौकांच्या गर्दीत एक अगदी चिमुकली होडी होती. लांबी १० फूट १० इंच, रुंदी ४ फूट ७ इंच. नाक पुढून कापून टाकल्यासारखे बोथट, आणि शिडे लाल. किंमत होती ६३ पौंड ११ शिलिंग. पण ही काही तयार होडीची किंमत नव्हे. या पैशांत कापलेल्या फळ्या, तांब्याची तार, चिकटवायचे साहित्य, स्क्रू, काठ्या, दोर आणि शिडे असा सारा सरंजाम बांधून तुमच्या घरी येणार. होडी मात्र ज्याची त्याने आपल्या हाताने उभी करायची!

ही योजना काढली होती डेली मिरर या वर्तमानपत्राने. हे पत्र उमरावांचे नव्हे. गिरणी-कारखान्यांतला कामगार, दुकानातला कारकून, बसचा कंडक्टर यांच्या हातात दिसणारे. म्हणून होडीचे नावही ‘मिरर’ आणि शिडांचा रंगही त्या पत्राच्या मथळ्यासारखा लाल. इंग्लंडातल्या साध्या कामगाराच्या सुमारे चार आठवड्यांच्या कमाईत एक शिडाची होडी! दर्यावर फिरण्याची हौस ही तोवर जहागीरदारांची, निदान मोठ्या पगारदारांची मानली जात होती. ती मोडायला एक वर्तमानपत्र, एक दूरचित्रवाणीवरचा सुतार आणि तांब्याच्या तारेचे काही टाके पुरले. ही गंमत कशी घडली, तेच येथे सांगायचे आहे.

असल्या लहान होडीला इंग्रजीत म्हणतात ‘डिंगी’. हा शब्द इंग्रजांनी आपल्याच देशातून उचलला. बंगालकडे नदीतल्या लहान होडीला डिंगी म्हणतात. कंपनी सरकारच्या जहाजांवरच्या गोऱ्या खलाशांच्या तोंडी तो बसला आणि मोठ्या जहाजाच्या पाठीशी दोराने बांधलेल्या लहानग्या होडीला चिकटला. इंग्रज तो लिहिताना मध्ये एक ‘एच’ घालतात. का, तर वाचणाऱ्याने ‘डिंजी’ म्हणू नये म्हणून! ही डिंगी जहाजाची चाकरमानी. किनाऱ्यावर जाऊन पाणी आणावे, भाजीपाला आणावा, कप्तानाला धक्क्यावर सोडावे, ही तिची कामे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र हौशी लोकांनी तिच्यावर शीड चढवून शर्यती लावायला सुरुवात केली, आणि चाकरमानीण आपल्या पायांवर उभी राहिली.

पण ती बांधायची कोणी? त्या काळची इंग्रजी डिंगी म्हणजे कसबी कारागिराचेच काम. आपण घरावर कौले चढवतो तशी एका फळीच्या कडेवर दुसऱ्या फळीची कड चढवून तिचे अंग तयार करीत. या पद्धतीला ते ‘क्लिंकर’ म्हणतात. आधी ओकच्या लाकडाचा कणा बसवायचा. मग तळापासून वरपर्यंत एकेक पातळ फळी. प्रत्येक फळीचा आकार निराळा. मध्ये रुंद, टोकांना निमुळती, शिवाय जागोजाग पीळ घेतलेली. दोन फळ्या जेथे एकमेकींवर चढतात तेथला उतार रंध्याने असा तासायचा की मध्ये कागदही जाता कामा नये. फळ्या बसल्या की आतून फासळ्या. त्यांसाठी लाकडाच्या पट्ट्या लांबट पेटीत वाफेवर शिजवीत. शिजलेली पट्टी बाहेर काढली की मिनिटभरात ती होडीच्या पोटात दाबून वाकवायची. जरा उशीर झाला की लाकूड पुन्हा ताठ. मग तांब्याचे खिळे. बाहेरून एकाने खिळ्याच्या डोक्याला जड लोखंडी ठोकळा टेकवून धरायचा, आतून दुसऱ्याने खिळ्याच्या टोकावर तांब्याची चकती बसवून ते ठोकून चपटे करायचे. असे शेकडो खिळे. बारा फुटी होडीसाठीसुद्धा.

एवढे करून ही होडी मोठी मानी. चार महिने अंगणात पडून राहिली की लाकूड सुकते, सांधे उघडतात, आणि पहिल्या दिवशी पाण्यात सोडली की सगळीकडून झिरपू लागते. वाळलेली लाकडी बादली विहिरीवर नेली की कशी गळते, ते आपल्या जुन्या पिढीने पाहिलेच आहे. भिजून लाकूड फुगले की गळती थांबते; पण तोवर धीर हवा, आणि होडी कायम पाण्याकाठी ठेवायला जागा हवी. ज्याचे घर शहरातल्या चाळवजा वस्तीत, त्याने हा हत्ती पोसायचा कसा?

श्रीमंती आणि कौशल्य यांची ही सांगड सोडवावी असे पूर्वीही काहींच्या मनात आले होते. शर्यतीत ज्याच्याजवळ पैसा जास्त त्याची होडी जास्त वेगवान, ही गोष्ट डब्लिनच्या थॉमस मिडलटनला पटेना. त्याच्या पुढाकाराने १८८७ साली ‘वॉटर वॅग’ नावाच्या होड्या निघाल्या. सगळ्या एकाच नमुन्याच्या, म्हणजे जिंकायचे ते अकलेने आणि हाताने. एकाच मापाच्या होड्यांची ही पहिली जमात समजली जाते, आणि डब्लिनच्या उपसागरात तिच्या शर्यती अजून चालतात. पुढे १९३१ साली अमेरिकेत विल्यम क्रॉस्बीने ‘रडर’ नावाच्या मासिकात ‘स्नाइप’ होडीचा आराखडा छापला. मासिक विकत घ्या आणि होडी बांधा! पहिली स्नाइप बांधली ती मिसिसिपीतल्या एका चौदा वर्षांच्या मुलाने, वडिलांना हाताशी धरून. मासिके वाचून माणसे बिघडतात असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

इंग्लंडातही हवा बदलत होती. वाइट बेटावरच्या उफा फॉक्स नावाच्या अफाट माणसाने १९२८ साली ‘अ‍ॅव्हेंजर’ ही चौदा फुटी डिंगी काढली. ती पाणी कापीत जाण्याऐवजी वेग आला की पाण्यावर उचलली जाऊन घसरत जाई. त्या मोसमातल्या ५७ शर्यतींपैकी ५२ तिने जिंकल्या. दोनच वर्षांनी, १९३० मध्ये आर्थर रॅन्समची ‘स्वॉलोज अँड अ‍ॅमेझॉन्स’ ही मुलांची कादंबरी निघाली आणि लहान शिडाच्या होडीतून बेटावर जाऊन राहणाऱ्या भावंडांनी साऱ्या देशातल्या मुलांना वेड लावले. गोष्टीतल्या मुलांना होडी होती, वाचणाऱ्यांतल्या बहुतेकांना नव्हती. ती पिढी मोठी झाली तेव्हा तिच्या मनात एक शीड हलतच राहिले असणार.

मग युद्ध आले, आणि युद्धाने होडीबांधणीला दोन गोष्टी दिल्या. दोन्ही आल्या विमानांच्या कारखान्यांतून.

पहिली म्हणजे चांगले प्लायवुड. दुसरी, पाण्याला न घाबरणारा गोंद. पातळ पापुद्रे उभे-आडवे एकमेकांवर चिकटवले की लाकूड हलके असूनही कणखर होते, हे पूर्वीपासून ठाऊक होते. परंतु गोंद दुधाच्या किंवा रक्ताच्या प्रथिनांचा असे आणि ओल लागली की पापुद्रे सुटत. केंब्रिजजवळ डक्सफर्ड येथे नॉर्मन डी ब्रॉइन या शास्त्रज्ञाने १९३० नंतरच्या दशकात ‘एरोलाइट’ नावाचा रासायनिक गोंद सिद्ध केला. डी हॅव्हिलंड कंपनीचे प्रख्यात ‘मॉस्किटो’ विमान लाकडी होते. त्याचे भाग खुर्च्या-टेबले करणाऱ्या कारखान्यांतून बनत. आरंभी त्यात दुधाच्या प्रथिनाचा गोंद वापरीत, पुढे हा नवा गोंद आला. आपल्या देशाचाही या प्रकरणाशी संबंध आला. १९४४ साली हिंदुस्थानात तैनात केलेल्या काही मॉस्किटो विमानांचे चिकटवलेले सांधे सुटल्याचे आढळले, आणि ती काही काळ जमिनीवरच ठेवावी लागली. गोंद म्हणजे काही शाळेतल्या पोरांच्या चिकटवहीपुरती गोष्ट नव्हे, हे तेव्हा वैमानिकांना जिवावर बेतून कळत होते.

युद्ध संपले. विमाने थांबली, पण प्लायवुड आणि गोंद राहिले. आणि प्लायवुडच्या कलेने आकार घेणाऱ्या होड्यांचा उस्ताद निघाला जॅक होल्ट. १९१२ साली जन्मलेल्या या माणसाचा कारखाना लंडनजवळ टेम्सकाठी होता. ‘यॉटिंग वर्ल्ड’ मासिकासाठी त्याने १९४७ साली मुलांची ‘कॅडेट’ होडी काढली, १९४९ साली कुटुंबासाठी ‘जी पी फोर्टीन’, आणि १९५६ साली ‘न्यूज क्रॉनिकल’ वर्तमानपत्रासाठी निळ्या शिडांची ‘एंटरप्राइज’. ते वर्तमानपत्र १९६० साली बंद पडले. होडी चालू राहिली. त्याच सुमारास अमेरिकेत फ्लॉरिडाच्या क्लिअरवॉटर गावी क्लार्क मिल्स याने पेटीसारखी ‘ऑप्टिमिस्ट’ काढली होती. आज जगभरची लहान मुले शिडाचा पहिला धडा तिच्यातच गिरवतात.

होल्टच्या या होड्या घरी बांधता येत, हे खरे. पण ‘बांधता येत’ या दोन शब्दांत पुष्कळ काही दडलेले होते. सपाट फळ्यांची होडी म्हटली की तिच्या तळाची आणि बाजूची फळी जेथे भेटतात तेथे एक कोपरा येतो. त्या कोपऱ्यात आतून एक लांब लाकडी पट्टी लागते. दोन्ही फळ्या तिच्यावर चिकटतात. आता होडीच्या मध्यभागी हा कोन एक, आणि नाकाजवळ दुसराच. तेव्हा ती पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत क्षणोक्षणी बदलत जाणाऱ्या उताराने तासली पाहिजे. शिवाय हे सारे बसवायला आधी एक भक्कम साचा उभारायचा, तोही काटकोनात. ज्याने उभ्या जन्मात घरात एक फळी ठोकली असेल, त्याला हे कोठून जमणार? कित्येक होड्या या पट्टीपर्यंत येऊनच अडल्या असतील.

ही पट्टीच काढून टाकावी, असे डोक्यात आले ते एका शाळामास्तराच्या. केन लिट्लडाइक हे त्याचे नाव. तो मुलांसाठी वल्ह्यांच्या अरुंद कायाक होड्या बनवीत असे. त्याने पाहिले की, दोन फळ्यांच्या कडांना भोके पाडून त्या नुसत्या शिवल्या आणि आतून सांध्यावर काचतंतूची पट्टी रेझिनमध्ये भिजवून चिकटवली, तर ते रेझिन वाळून स्वतःच पट्टीचे काम करते. उतार तासायला नको, साचा नको. फळ्यांचा आकार बरोबर कापलेला असला की त्या जोडल्यावर होडीचा आकार आपोआप येतो. शिंप्याने अंगरखा कापावा आणि शिवावा, तसेच हे!

ही युक्ती उचलली बॅरी बकनेलने. हाही १९१२ चाच. बी.बी.सी. दूरचित्रवाणीवर घरच्या घरी दुरुस्त्या कशा कराव्या हे शिकवणारा हा हसरा गृहस्थ त्या दिवसांत घराघरांत पोहोचला होता. कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत असल्याने कधी कधी त्याची फळी ऐन वेळी बसत नसे, हातोडा चुकत असे; पण लोकांना तेच आवडे. १९६२ साली त्याने एक मोडकळीला आलेले घर आठवड्यागणिक दुरुस्त करून दाखवले. (नक्षीदार जुनी दारे सपाट हार्डबोर्डने झाकायला त्याने शिकवले म्हणून जुन्या वास्तूंचे चाहते त्याच्या नावाने अजून बोटे मोडतात. त्यांचेही चूक नाही.) शिवून करायच्या होडीचा पहिला आराखडा बकनेलचा, ती पाण्यावर नीट पळावी म्हणून तिला सफाई दिली होल्टने. एकाला सामान्य माणसाचे हात ठाऊक, दुसऱ्याला पाणी ठाऊक. असा योग क्वचित येतो.

आता ही होडी बांधायची कशी ते पाहू. सगळी मजा तिच्यातच आहे.

पेट्या उघडल्या की पाच मिलिमीटर जाडीच्या, आकारात कापलेल्या प्लायवुडच्या फळ्या निघत. तळाच्या दोन फळ्या एकीवर एक ठेवायच्या, कण्याच्या बाजूने भोके पाडायची, आणि प्रत्येक भोकातून तांब्याच्या तारेचा बोटभर तुकडा ओवून बाहेरच्या अंगाला पकडीने पीळ द्यायचा. मग मिटलेली पोथी उघडावी तशा त्या फळ्या उघडायच्या. झाला होडीचा तळ! त्याला बाजूच्या फळ्या तशाच टाक्यांनी जोडायच्या, मागची आणि पुढची आडवी फळी बसवायची. अर्ध्या दिवसापूर्वी जमिनीवर सपाट पडलेले लाकूड पोटाला बाक घेऊन उभे राहते. अजून ते लटपटते. पण आकार होडीचा. घरातल्या ज्या मंडळींनी तोवर या खटाटोपाला नाके मुरडलेली असतात, तीही या वेळी दाराशी येऊन उभी राहतात.

येथे घाई नडते. टाके पक्के पिळण्याआधी होडी सरळ आहे की पीळ खाऊन बसली आहे, हे पुढून-मागून डोळा लावून पाहावे लागते. कारण एकदा रेझिन चढले की ब्रह्मदेवालाही तो पीळ काढता यायचा नाही. सरळ झाली की आतून सर्व सांध्यांवर काचतंतूची पट्टी ठेवून ब्रशाने रेझिन मुरवायचे. या रेझिनला एक उग्र, नाकात बसणारा वास असतो. शिवाय ते थंडीत आळत नाही, आणि इंग्लंडात थंडी तर पाचवीला पुजलेली. तेव्हा गॅरेज गार पडले की होडी उबेला घरात आणायची वेळ येई. स्वयंपाकघरात रेझिनचा वास भरून राहिला की घरधनिणीने काय म्हटले असेल, ते लिहून ठेवलेले नाही. पण कोणत्याही भाषेत ते सारखेच असणार.

आतले सांधे कडक झाले की होडी पालथी घालून बाहेर आलेले तारेचे पीळ कापून टाकायचे, कानस मारून सपाट करायचे आणि बाहेरूनही पट्टी चढवायची. टाक्यांचे काम संपले. तार आत राहते ती नुसती पडून. जोर सगळा रेझिनचा.

आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला हे टाक्यांचे प्रकरण ओळखीचे वाटेल. अरबी समुद्रातली जहाजे शेकडो वर्षे खिळ्यांशिवाय, काथ्याच्या दोराने फळ्या शिवून बांधली जात होती. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने होर्मुझ बंदरात अशी जहाजे पाहिली आणि ती अगदी कुचकामी म्हणून निकालात काढली. चौदाव्या शतकातला इब्न बतूता जास्त समजूतदार. त्याचे म्हणणे असे की खिळे मारलेले जहाज खडकावर आपटले की फुटते, आणि शिवलेले लवते म्हणून वाचते. अजिंठ्याच्या भिंतीवर पाचव्या शतकातले एक जहाज रंगवलेले आहे. त्याच्या आधाराने गोव्यातल्या दिवाडी बेटावर केरळच्या बाबू शंकरन यांच्या हाताखालच्या कारागिरांनी काथ्याने शिवलेले एक जहाज अलीकडेच उभे केले. ‘कौंडिण्य’ या नावाने ते २१ मे २०२५ रोजी कारवारला नौदलात दाखल झाले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेर पोरबंदरहून मस्कतच्या वाटेला लागले.

मिररचे टाके हे काही आपल्याकडून गेले, असे म्हणायला आधार नाही, आणि ओढून ताणून तसे म्हणण्यात मोठेपणाही नाही. शिवाय दोहोंत एक मुळातला फरक आहे. आपल्या जहाजात काथ्या हाच जीव. तो कुजला की जहाज उसवून पुन्हा शिवायचे. तिकडे तांब्याची तार ही शिंप्याच्या कच्च्या धाग्यासारखी. पक्की शिवण झाली की तिला कोणी विचारीत नाही.

सांगाडा पुरा झाल्यावर सजावट. आत आडव्या-उभ्या फळ्यांनी पुढे, मागे आणि दोन्ही कुशींना बंद कप्पे केलेले असत. तेच बसायचे बाकडे आणि तेच होडीचे प्राण. होडी कलंडून पाण्याने भरली तरी या कप्प्यांतल्या हवेमुळे ती बुडत नसे. मध्यभागी तळातून एक उभी चीर. तीतून खाली सोडायची फळी म्हणजे ‘डॅगरबोर्ड’. ही फळी नसेल तर वारा होडीला कुशीवरून ढकलीत नेतो. ती खाली सोडली की होडी आडवी सरकू शकत नाही, आणि मग वाऱ्याच्या तोंडावर तिरकी तिरकी, नागमोडी जाते. किनारा उथळ आला की फळी हाताने वर ओढायची. मागे सुकाणू, त्याला दांडा. दोन्ही बाजूंना वल्ह्यांची खोबणी, कारण वारा पडल्यावर घरी यायला वल्हेच उपयोगी.

नाक बोथट ठेवण्यातही हिशेब होता. टोकदार नाकाने लांबीतला बराच भाग वाया जातो. बोथट नाकाने तेवढ्याच लांबीत दोन मोठी माणसे आणि एखादे पोर मावते, शिवाय किनाऱ्याला लागल्यावर पुढून पाय न भिजवता उतरता येते. डोलकाठीतली हुशारी मला त्याहून आवडते. एकच उंच डोलकाठी दिली असती तर ती मोटारीवरून न्यायची कशी? म्हणून काठी केली आखूड, आणि तिच्यावर दुसरी काठी दोराने उभी चढवून तिच्या आधाराने शीड वर न्यायचे. या जुन्या पद्धतीला ‘गंटर’ म्हणतात. सगळ्या काठ्या उतरवल्या की होडीच्या पोटात मावतात. होडीचे वजन १०० पौंडांच्या आसपास. दोन माणसांनी उचलून लहान मोटारीच्या टपावर ठेवावी, दोराने आवळावी आणि रविवारी सकाळी जवळच्या तळ्याकडे निघावे. धक्क्याचे भाडे नाही, क्लबाची वर्गणी नाही. पूर्वी होडीवाल्याला पाण्याकाठी घर लागे. आता होडीच त्याच्या घरी राहू लागली. दारातून ती बाहेर निघते का, एवढे तेवढे बांधण्यापूर्वी मोजून ठेवायचे! सरळ धरली तर ४ फूट ७ इंचांची होडी अडीच फुटी दारातून जात नाही, कुशीवर आडवी केली तर जाते.

पुढची हकिगत थोडक्यात सांगता येते. मिरर होड्यांना क्रमांक दिले जात, आणि ते क्रमांक ७० हजारांच्या वर गेले. शाळांनी त्या सुतारकामाच्या तासाला बांधल्या. ऑस्ट्रेलियात, आयर्लंडात, दक्षिण आफ्रिकेत त्यांच्या शर्यती सुरू झाल्या. आपल्याकडे मिररपेक्षा तिच्या भावंडांचा बोलबाला जास्त. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतल्या शिडाच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या, त्यांत होल्टच्या एंटरप्राइजचाही गट होता. पीटर मिल्न याने १९६२ साली काढलेल्या प्लायवुडच्या ‘फायरबॉल’ या होडीच्या गटात फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. आणि १९९० नंतरच्या दशकात अलेक्झांडर मॅकिनन नावाच्या एका शिक्षकाने इंग्लंडातल्या श्रॉपशरमधून आपली मिरर नदीत लोटली. ती नद्या, कालवे आणि मधली इंग्लिश खाडी ओलांडून, ऱ्हाइन व डॅन्यूब उतरून, काळ्या समुद्रावर रुमानियातल्या सुलिना येथे पोहोचली. अंतर सुमारे ४,९०० किलोमीटर. त्याने यावर लिहिलेले पुस्तक २००२ साली आले. जेवणाच्या टेबलाएवढ्या रुंदीच्या होडीतून एवढा प्रवास करायला धैर्य लागते की आळस झटकायला लागते ते वेड, हे वाचणाऱ्याने ठरवावे.

या साऱ्यात कोणाचे नुकसान झालेच नाही असे नाही. ओकचा कणा घडवणाऱ्या, वाफेवर फासळ्या वाकवणाऱ्या गावोगावच्या कारागिरांचे काम प्लायवुडने आधीच कमी केले होते. त्यांच्या हातची एक डिंगी आणि गॅरेजात बनवलेली एक मिरर शेजारी शेजारी ठेवली, तर सुंदर कोणती हे सांगायला तज्ज्ञ नको. परंतु त्या सुंदर होडीत बसायला मिळालेली माणसे किती, हाही प्रश्न विचारावा लागतो. आणि मला विचाराल तर मी त्या ७० हजारांच्या बाजूला उभा राहीन. कारागिराचा खरा घात केला तो पुढे आलेल्या फायबरग्लासने. गंमत अशी की हेच रेझिन आणि हेच काचतंतू. मिररमध्ये ते फक्त सांध्यांपुरते होते. १९६० नंतर हळूहळू साऱ्या होड्याच साच्यात ओतून निघू लागल्या, तेव्हा कारागिराबरोबर घरी होडी बांधणाऱ्या बापलेकांचीही गरज उरली नाही. पुढे खुद्द मिररसुद्धा फायबरग्लासची निघू लागली. ती न कुजणारी, जास्त टिकाऊ, शर्यतीत चांगली. ती कोणी बांधत नाही, विकत घेतात.

लाकडाच्या जुन्या मिरर अजून पुष्कळ उरल्या आहेत. इंग्लंडात त्या कमी किमतीत मिळतात, कारण घरातले म्हातारे गेले की गॅरेज रिकामे करताना मुले त्या काढून टाकतात. घेणारा पहिली तपासणी करतो ती बंद कप्प्यांच्या कोपऱ्यांची. पावसाचे पाणी तेथे साठून प्लायवुड काळे पडलेले असते. मग तो जुना रंग खरवडू लागतो. कण्याच्या रेषेवर, रेझिनच्या पिवळट थराखाली, ठरावीक अंतराने हिरवट ठिपके दिसू लागतात. पकडीने पिळलेल्या तांब्याच्या तारेची ती टोके. बहुतेक ठिकाणी ओळ सरळ असते. एखाद्या जागी मात्र दोन टाके अगदी जवळ आलेले असतात, आणि तेवढा भाग घरातल्या एखाद्या मुलाच्या हातचा असावा, असे वाटते.